ठेका भाच्याचा, सही मामाची

संपादक साहेब, नमस्कार.

पदावरच्या माणसाने स्वतःच्या किंवा नातलगांच्या फायद्याचा निर्णय घेऊ नये, अशा हितसंबंधांच्या कायद्याचं काय झालं हे कोणी विचारतच नाही म्हणून लिहितोय. आमच्या अमळनेर तालुक्यात साधा ग्रामपंचायत मेंबर असला आणि पंचायतीच्या कामात त्याचा हिस्सा निघाला, तर 1958 च्या ग्रामपंचायत कायद्याच्या कलम 14 खाली मेंबरपद जातं, विरोधक लगेच अर्ज घेऊन जळगावला कलेक्टरकडे पोचतात. म्हणून मग गटार असो की पेवर ब्लॉक, सगळं भाच्याच्या फर्मच्या नावावर. एका पुढाऱ्याला पारावर विचारलं तर म्हणे, "ठेका भाचाना नाववर शे, मना काय संबंध?" आणि मिक्सर रात्री उभा त्यांच्याच वाड्यात!

बरं, हा झाला गावचा मेंबर. आमदार-खासदाराला 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम 9अ आहे, चालू सरकारी ठेका स्वतःचा असेल तर अपात्र, पण स्वतःच्या नावावर ठेवायला एवढा भोळा कोण बसलाय, कंपनी काढायची, डायरेक्टर पोरगा की मोकळे. मंत्र्यांना आचारसंहिता आहे म्हणतात, पण तो काही कायदा नाही, मोडली तर कोर्टात जाता येत नाही.

मोईलींच्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने शासनातल्या नीतिमत्तेवर अख्खा अहवाल दिला 2007 ला. नंतर राज्यसभेत खासदार नाचिअप्पन यांनी हितसंबंधांवर खाजगी विधेयक आणलं, ते तसंच राहिलं. राज्यसभेत निदान खासदारांच्या हितसंबंधांची नोंदवही तरी आहे, लोकसभेत तीही नाही. लोकपाल कायद्यात बायको-मुलांसकट मालमत्ता जाहीर करायचं कलम 44 होतं, ते 2016 च्या जुलैत दोन दिवसांत बदलून ढिलं केलं, तिथे मात्र सगळे पक्ष एक!

आपला लोकायुक्त कायदा 1971 चा, म्हणजे आपण देशात पुढे होतो. नवीन विधेयक 2022 च्या डिसेंबरात विधानसभेत आणि 2023 च्या डिसेंबरात परिषदेत पास झालं, पण मुख्यमंत्र्यांच्या चौकशीला विधानसभेची दोन तृतीयांश मंजुरी लागणार. ज्यांच्या जिवावर खुर्ची, त्यांचीच परवानगी घ्यायची, कमाल आहे.

आणि लोकायुक्त आला तरी तो पैसा गेल्यावर येतो. जळगावच्या घरकुल घोटाळ्याचं बघा ना, गुन्हा 2006 चा आणि धुळ्याच्या कोर्टात 48 जणांना शिक्षा लागली 31 ऑगस्ट 2019 ला, तेरा वर्षं गेली, आणि पुढे अपील वेगळंच. भ्रष्टाचार सिद्ध करायला साक्षी-पुरावे लागतात हो, पण फर्म कोणाच्या नातलगाची आहे एवढं आधी सांगायला काय लागतं?

हितसंबंधांचा कायदा येईल तेव्हा येईल. तोवर ग्रामविकास आणि नगरविकास खात्याने एक जीआर काढावा, टेंडर मंजूर करणाऱ्यांच्या घरच्या आणि जवळच्या नातलगांच्या फर्मची यादी त्याच फाइलला जोडायची आणि पंचायतीच्या बोर्डावर लावायची, भाचा-जावई-साला सगळे धरून.

— एक वाचक, अमळनेर तालुका, जि. जळगाव