आवाहन : मुलींच्या सायकली आणि संध्याकाळची गाडी

सप्रेम नमस्कार.

जूनच्या मध्याला शाळा उघडतील. मंडळाने मुलींसाठी ठेवलेल्या 22 सायकलींपैकी 9 ग्रामपंचायतीमागच्या पत्र्याखाली टायरविना उभ्या आहेत. खात्यात शिल्लक किती, ते खजिनदारांना विचारू नका, बिचारे फोन उचलत नाहीत.

नव्या सुनांना आणि नोकरीनिमित्त बाहेर असलेल्यांना माहीत नसेल म्हणून थोडे मागचे. साक्षरता वर्गात गुरुजींनी एकदा तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्याची हकिगत सांगितली होती. तिथे 1990च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता मोहिमेतच बायकांना सायकल शिकवली आणि हजारो जणी शिकल्या. वरच्या वाडीच्या अक्का ताडकन म्हणाल्या, "मग आम्हालाच काय धाड भरलीय?" गुरुजींनी स्वतःची सायकल तिथल्या तिथे दिली. अक्का बावन्नाव्या वर्षी शिकल्या, तेही नऊवारीत. काष्टा असल्यावर अडचण कसली, असे त्या अजून सांगतात. निवृत्त कंडक्टरकाकांनी फंडाच्या पैशातून दहा हजार दिले. डोंबिवलीच्या मंडळींनी एका वर्षी गणपतीची रोषणाई कमी करून चार सायकली पाठवल्या. स्टँडवरच्या पंक्चरवाल्यांनी आमच्या मुलींकडून आजवर एक रुपया घेतलेला नाही. आणि खालच्या आळीतल्या आजींनी बोकड विकून आलेल्या पैशातून दोन चेन आणि एक सीट दिले, ही पावती मी जपून ठेवली आहे.

काहीजण विचारतात, आता सायकली कशाला? 17 मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धे तिकीट आहे, शाळेच्या मुलींना पास फुकट आहे. खरे आहे, आणि त्याचा फायदाही होतो. पण सवलत गाडीत बसल्यावर मिळते. संपाच्या काळात आपली मुक्कामी गाडी बंद झाली ती परत आलीच नाही. सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातल्या मुलींसाठीच्या बस 125 तालुक्यांत आहेत, त्यात आपला तालुका नाही. कॉलेज सुटल्यावर राहते ते वडाप, म्हणजे सीटवर भाडे घेणारी खासगी जीप. ते भरल्याशिवाय हलत नाही, आणि भरले की पोरीला पुढे ड्रायव्हरला चिकटून बसावे लागते. चार दिवस हे ऐकले की आई म्हणते, दहावी झाली तेवढी पुरे.

घरात गाडी नसते असेही नाही. पोरगा अकरावीला गेला की हप्त्यावर मोटारसायकल येते, पोरगी गेली की स्थळ येते. गिरणी, रेशन, लसीकरण, सासूची औषधे या बाईच्या फेऱ्या एकाच खेपेत, कडेवर मूल आणि डोक्यावर ओझे घेऊन, पायी. बिहारने 2006 मध्ये नववीच्या मुलींना सायकली दिल्या तेव्हा हायस्कुलातल्या मुली वाढल्या. आपल्याकडेही वाडीच्या सात मुली दहावीपर्यंत पोचल्या, त्या सायकलीवरच.

आता जरा मनातले. गेल्या वर्षी 60 पत्रे टाकली, उत्तरे चार आली. त्यातल्या एकाने फलकावर नाव किती मोठे येईल एवढेच विचारले. देवळाच्या कळसाला मात्र आठ दिवसांत पैसे जमले. देवाचे देवाला मिळावे, तक्रार नाही. पण त्या मिरवणुकीत डोक्यावर कलश घेऊन वाडीपासून देवळापर्यंत चालत आलेल्या पोरी याच होत्या.

हवे ते असे : 9 सायकलींची दुरुस्ती अंदाजे 13,500 रु.; नव्या 6, प्रत्येकी अंदाजे 6,000 रु.; कॉलेजच्या 11 मुलींसाठी संध्याकाळी सव्वापाचची ठरलेली जीप, महिना 9,000 रु., दहा महिने (ड्रायव्हर आपल्याच ओळखीचा, मुलींचे पालक आठवड्याला आळीपाळीने सोबत जाणार). ज्यांना जमेल त्यांनी एक महिना उचलावा. खाते क्रमांक पावतीपुस्तकामागे आहे तोच. रोख खजिनदार किंवा अक्कांकडे, पावती घेतल्याशिवाय देऊ नये. मुंबईकरांनी परतायच्या आधी शनिवारी बैठकीला यावे, सकाळी 9, मारुतीच्या पारावर, पाऊस आल्यास शाळेत. जुनी सायकलही चालेल, फक्त हँडल असलेली द्या. मागच्या वेळी आलेल्या दोन सायकलींना ते नव्हते.

आपला,
सचिव