पीठच नाही, तर भाकरी करपली कशी?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

दख्खनच्या कातळाखाली तेल सापडेल का, यावरचा लेख रविवारच्या पुरवणीत वाचला. ‘लाव्हाच्या एवढ्या उष्णतेत तेल केव्हाच जळून गेलं असणार’ या वाक्याशी आलो आणि चष्मा काढून ठेवला. वाक्य निम्मं खरं आहे. ते निम्मं मी हातात धरून पाहिलंय.

उमेदीची बावीस वर्षं मी झरियाच्या कोळसाखाणींत सर्वेक्षक होतो. तिथे कोळशाच्या थरात काळ्या दगडाच्या उभ्या भिंती घुसलेल्या असतात, म्हणजे खालून तापता शिरून थिजलेला शिलारस. त्यांना आम्ही डाइक म्हणायचो. डाइक जवळ आली की आधी कोळशाची चकाकी जाते, मग त्याचे बोटाएवढे खांब सुटू लागतात. हा ‘झामा’. आतला वायू निघून गेलेला, जमिनीतच तयार झालेला कोक. चुलीत घातला तर लवकर पेटत नाही. पण चार ढांगा पलीकडे गेलं की कोळसा पुन्हा नेहमीसारखा. ठोकळ हिशेब असा, की घुसलेला दगड जेवढा जाड, साधारण तेवढ्याच अंतरापर्यंत त्याची धग पोचते. कधी निम्म्या, कधी दुप्पट. सिल मात्र वाईट. तीही असाच घुसलेला दगड, पण थराला धरून आडवी पसरते, त्यामुळे अख्खा थर हातचा जातो.

तेलाचंही असंच आहे. शेल म्हणजे चिखल थिजून झालेला खडक. त्यातल्या सेंद्रिय गाळाचं तेल व्हायला अंदाजे 60 ते 120 अंश सेल्सिअस तापमान लागतं, 150 च्या पुढे वायूच जास्त. एरवी त्यासाठी गाळ काही किलोमीटर खोल गाडला जावा लागतो आणि लाखो वर्षं जातात. तिथे हजार-अकराशे अंशांचा शिलारस शिरला, तर अगदी लगतच्या गाळाचा झामा होतो हे खरं. पण थोडं दूर, जिथे गाळ अजून कच्चा असतो, तिथे तीच धग तेल शिजवते. शंभर मीटर जाडीची सिल निवायला शेकडो वर्षं लागतात, तेवढा वेळ चूल चालू! ब्राझीलच्या सोलिमोएस खोऱ्यातला वायू पिकण्यात अशा सिल्सचा मोठा हात मानतात.

लेखकाने इथेच गफलत केली आहे. आपला बहुतेक लाव्हा जमिनीवर पसरला, त्याची बरीचशी धग आभाळात गेली. गोधडीवर निखारा पडणं वेगळं आणि घडीत सारलेला निखारा वेगळा.

आता तेलाच्या वाटचालीबद्दल. आमच्या साक्रीकडे, आणि पुढे नंदुरबारपर्यंत, डाइक उघड्यावर मैलोनमैल उभ्या दिसतात. माझ्या शेतामागे एक आहे. तिच्या चढाच्या अंगाला माझी विहीर, पाणी मे महिन्यापर्यंत पुरतं. उताराच्या अंगाला चुलतभावाची, ती होळीलाच तळ दाखवते. त्याने पाणाड्या आणला. नारळ तळहातावर उभा राहिला तो नेमका डाइकवर, आणि बोअरला पाणीही लागलं. श्रेय नारळाला मिळालं, पण खरं कारण म्हणजे तिथला दगड तडकलेला होता. एकच डाइक एका जागी बांध असते, दुसऱ्या जागी पाट. जमिनीखालच्या तेलालाही ती अशीच अडवते, नाहीतर भेगांतून वर नेते. कधी तर तो घुसलेला दगडच कोठार होतो. अमेरिकेत ॲरिझोनात, नवाहो लोकांच्या भूमीवर, 1967 मध्ये डिने-बी-केया हे तेलक्षेत्र सापडलं. तिथलं तेल सायनाइट नावाच्या, शिलारसाच्याच दगडाच्या सिलमध्ये आहे. अर्जेंटिनातल्या मेंदोसा प्रांतातही अँडेसाइट या तशाच दगडाच्या तडकलेल्या सिल्समधून तेल काढतात. लांब कशाला, वडोदऱ्याजवळ पादऱ्याला खुद्द दख्खनच्या बेसॉल्टच्या, म्हणजे आपल्या काळ्या कातळाच्या, भेगांतून तेल निघालं. तो घुसलेला दगड नव्हे, लाव्हाच, पण भेगेला त्याचं काय?

मग महाराष्ट्रात विहिरी खणत सुटायचं का? नाही. पण कारण लेखातलं नव्हे. कोयनेच्या खोल बोअरमध्ये सुमारे 930 मीटर बेसॉल्ट लागला आणि त्याखाली थेट ग्रॅनाइट, तेल देणारा गाळ नाहीच. किल्लारीला 338 मीटर बेसॉल्टखाली गाळाचा थर जेमतेम 8 मीटर. पीठच नाही, तर भाकरी करपली कशी म्हणायचं? तापीच्या पट्ट्यात मात्र भूभौतिक सर्वेक्षणांत कातळाखाली जाड गाळथरांचे संकेत मिळाले आहेत, आणि डाइकही तिथे शेकड्यांनी आहेत. प्रश्न विचारायचा तर तिथला विचारावा. तो गाळ कसला, त्यात सिल्स किती आणि त्या शिरल्या तेव्हा तो कच्चा होता की आधीच पिकलेला? सर्वेक्षणासाठी जमिनीत सोडलेल्या भूकंपलहरी बेसॉल्ट विस्कटून टाकतो, म्हणून वरून चित्र धूसर दिसतं. ती अडचण खरी आहे, लेखात तिचा उल्लेखही नाही.

झाम्याचा एक तुकडा माझ्या टेबलावर कागद दाबायला आहे. लेखकमहाशयांनी जरूर यावं, दाखवीन. एप्रिलमध्ये आले तर बरं, दोन्ही विहिरींतला फरक तेव्हा नीट दिसतो.

आपला,
एक निवृत्त खाण सर्वेक्षक, साक्री (जि. धुळे)