येशूच्या दाखल्यांतला दरवाजा नक्की कोणासाठी बंद होतो?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नोव्हेंबर आला की आम्हा ख्रिस्ती लोकांकडे गेलेल्यांची आठवण काढायचा महिना सुरू होतो, २ तारखेला शिवडीच्या कबरस्तानात मेणबत्त्या, फुलं आणि ही गर्दी, आणि नेमकं तेव्हाच व्हॉट्सॲपवर जगाच्या अंताचे मेसेज फिरायला लागतात. अमुक युद्ध झालं, तमुक भूकंप झाला, म्हणजे आता जवळ आलंच समजा. स्टेशनबाहेर कोणीतरी हातात पत्रक कोंबतं, त्यावर ज्वाळांचं चित्र आणि खाली प्रश्न, आज रात्री मेलात तर कुठे जाल? आमच्या बिल्डिंगमधले लोक ते वाचून मला विचारतात, काय हो, तुमच्या हिशोबात आम्ही सगळे नरकात का? हसत विचारतात, पण विचारतात. म्हणून हे पत्र.

आधी तारखेचं बघू. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात, २४व्या अध्यायात, येशू स्वतः सांगतो की तो दिवस आणि ती घटका कोणालाच ठाऊक नाही, देवदूतांना नाही, पुत्रालाही (म्हणजे खुद्द त्यालाही) नाही, फक्त पित्याला. आता जे पुत्राला ठाऊक नाही ते यूट्यूबवरच्या भाऊंना कसं कळतं देव जाणे. बरं, त्या वाक्याच्या पाठोपाठ दाखले, म्हणजे येशूच्या बोधकथा, सुरू होतात, रात्री येणारा चोर, धनी नसताना सोबतच्या चाकरांना मारणारा चाकर, मग २५व्या अध्यायात नवऱ्या मुलाची वाट बघणाऱ्या दहा कुमारी, तालांत (धन्याने चाकरांकडे सोपवलेला पैसा), आणि शेवटी मेंढरं नि शेरडं, म्हणजे न्यायाच्या दिवशी राजा लोकांना दोन बाजूंना वेगळं करतो तो दाखला. आणि हे सगळं सांगितलंय कोणाला, तर जैतुनांच्या डोंगरावर एकांतात विचारायला आलेल्या शिष्यांना. रस्त्यावरच्या गर्दीला नाही!

मला जे म्हणायचंय ते हेच आहे. या दाखल्यांत ज्यांची पंचाईत होते ते बहुतेक सगळे आतलेच लोक असतात. दहाही कुमारी लग्नाच्याच, दहाही जणींकडे दिवे आहेत, दहाही पेंगतात, पाच जणींनी जादा तेल घेतलं नाही एवढाच फरक, आणि दार बंद. तालांत पुरून ठेवणारा चाकर त्याच धन्याचा, त्याने एक पैसा खाल्ला नाही, होतं तेवढं परत आणून दिलं, आणि एक तालांत म्हणजे मजुराची साधारण वीस वर्षांची कमाई, म्हणजे रक्कम काही किरकोळ नव्हती, तरी तो बाहेर अंधारात. दुसऱ्या एका दाखल्यात लग्नाचे कपडे न घालता मेजवानीला आलेला माणूस तर हॉलच्या आत पोचलेला होता, तरी बाहेर काढला गेला. शेरडांच्या बाजूला उभे केलेले लोकसुद्धा राजाला प्रभूच म्हणतात. दाखले मऊ आहेत असं मी अजिबात म्हणत नाही, दार खरोखर बंद होतं, दात खाणं आहे, रडणं आहे, ते वगळून फक्त गोड गोड वाचणारे आमच्यात भरपूर आहेत. पण ही धमकी चर्चच्या बाकावर बसलेल्यांसाठी आहे आणि आम्ही ती उचलून शेजाऱ्याच्या दारात टाकतोय.

लूकच्या शुभवर्तमानाच्या १६व्या अध्यायातला श्रीमंत माणूस बघा. जांभळी वस्त्रं, रोज मेजवानी, आणि फाटकाशी फोडांनी भरलेला लाजर पडलेला. त्याने लाजरला मारलं, हाकललं असं कुठेही लिहिलेलं नाही. मेल्यावर ज्वाळांतूनसुद्धा तो अब्राहामाला बाप म्हणतो (अब्राहाम यहुद्यांचा मूळपुरुष, म्हणजे हाही आतलाच) आणि ऑर्डरी सोडतो, लाजरला पाठव, त्याला बोट पाण्यात बुडवून माझी जीभ गार करू दे, मग म्हणे त्याला माझ्या पाच भावांकडे पाठव. लाजरशी तो एक शब्द बोलत नाही, पण नाव मात्र त्याला बरोबर ठाऊक आहे, म्हणजे फाटकाशी कोण पडलंय हे त्याला आधीपासून माहीत होतं. मला त्या आगीपेक्षा हे जास्त झोंबतं. गंमत म्हणजे अब्राहाम सोडला तर येशूच्या सगळ्या दाखल्यांत माणसाला नाव दिलंय ते एकट्या या भिकाऱ्यालाच, श्रीमंताला नाव नाही.

आणि निवडानिवडीचं काम कोणाचं? आणखी एका दाखल्यात गव्हात निदण (तण) उगवलेलं बघून चाकर म्हणतात उपटून काढू का, तर धनी म्हणतो नको, त्याबरोबर गहूही उपटाल, कापणीपर्यंत दोन्ही वाढू द्या. कापणारे देवदूत आहेत असं पुढे येशूच उलगडून सांगतो. पत्रक वाटणारा कापणीवाला नाही, मीही नाही.

द्राक्षमळ्याच्या दाखल्यावर आमच्यातले काही जण अजून कुरकुरतात. मुंबईकराला तर तो समजावून सांगायलाच नको, सकाळी नाक्यावर थापी-फावडी घेऊन उभे असलेले कामगार आपण रोज बघतो, काहींना मुकादम नेतो, काही दुपारपर्यंत तसेच उभे. दाखल्यातला मालक संध्याकाळी पाचला परत जातो आणि विचारतो दिवसभर रिकामे का उभे, ते म्हणतात आम्हाला कोणी कामावर लावलंच नाही. आळशी नव्हते, कोणी नेलं नव्हतं. त्यांनाही पूर्ण दिवसाची मजुरी, आणि तीही आधी. पहाटेपासून राबलेले चिडतात, आणि खरं सांगायचं तर बाप्तिस्मा लहानपणीच झालेले आम्ही सगळे त्याच लाइनीत उभे आहोत.

आता शेजाऱ्यांच्या प्रश्नाचं सरळ उत्तर. यावर चर्चांचं एकमत नाही. कॅथलिक चर्चने १९६४ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत लिहून ठेवलंय की स्वतःचा दोष नसताना ज्यांना ख्रिस्ताची सुवार्ता कळली नाही पण जे मनापासून देवाला शोधतात आणि सदसद्विवेकबुद्धीला स्मरून वागतात त्यांनाही तारण मिळू शकतं. बरेच पास्टर हे मान्य करत नाहीत, ते म्हणतात विश्वासाशिवाय नाही, आणि मेंढरं-शेरडांच्या दाखल्यातले 'माझे लहानातले लहान भाऊ' (यांच्यासाठी केलंत ते माझ्यासाठीच केलंत, असं राजा म्हणतो) म्हणजे फक्त येशूचे शिष्य की कुठलाही भुकेला, उघडा, तुरुंगातला माणूस यावरही अभ्यासकांत वाद आहे. माझं मत 'कुठलाही माणूस' या बाजूला झुकतं, कारण तिथे राजासमोर सगळी राष्ट्रं जमवलेली आहेत आणि विचारणा होते ती अन्नपाण्याची, कपड्यांची, आजाऱ्याला भेटायला गेलात का याची. शिवाय तिथली आग सैतानासाठी आणि त्याच्या दूतांसाठी तयार केलेली असं म्हटलंय, राज्य मात्र माणसांसाठी जगाच्या स्थापनेपासून तयार आहे. पास्टर लोकांना हे पटणार नाही, पत्र छापलंत तर उत्तरं येतील, जरूर येऊ देत. फक्त एक आहे, त्या दाखल्यात दोन्हीकडचे लोक आपल्या निकालाने चकित होतात, प्रभू आम्ही तुला कधी पाहिलं असं दोघंही विचारतात, आणि आमच्या पॅरिशमध्ये मात्र आपण कुठल्या बाजूला उभे असणार याबद्दल मला अजून एकही माणूस साशंक भेटलेला नाही.

आपला,
एक ख्रिस्ती वाचक, मुंबई