ओंडका ओला आहे तोवर फोड

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालीस, कुऱ्हाड दहा वेळा मारली आणि दहाही वेळा उडून परत आली. आता ओंडके वर्षभर तसेच पडू देत, वाळले की सोपे जातील. तेव्हापासून मनातून जात नाही, म्हणून लिहायला बसलो. तसं करू नकोस. झाडात पाणी चढतं त्या नळ्या उभ्या असतात आणि कापल्यावर ते बाहेर पडतं तेही मुख्यतः त्यांच्याच तोंडांतून. आडवं ते फार हळू सरकतं, त्यात वरून सालीचं पांघरूण. अख्ख्या ओंडक्याची टोकं वाळून तडकतात, पोट ओलंच राहतं आणि बुरशी धरते. शिवाय कठीण लाकूड वाळलं की आणखी टणक होतं.

मधोमध मारलंस ना? तिथंच अडलं. चिवट लाकडात तंतू सरळ नसतात. एका थरात डावीकडे झुकलेले, पुढच्या थरात उजवीकडे, असे एकमेकांत अडकलेले. चिंचेचं लाकूड असंच. मधोमध घाव घातला की ते सगळे मिळून कुऱ्हाड अडवतात. म्हणून कडेनं सुरुवात कर. सालीपासून चार बोटं आत घाव घाल, ढलपी सुटेल. ओंडका जरा फिरव, पुढची काढ. अशी गोल फिरत आलीस की गाभा लहान होतो आणि बऱ्याचदा दोन-तीन घावांत येतो.

नाहीच आला तर पाचर. आधी ओंडक्याच्या तोंडाकडे निरखून बघ. मधून कडेकडे जाणारी केसासारखी चीर दिसेल. पाचर तिच्यात, कडेजवळ ठेव. घणाचा पहिला ठोका हलका, पाचर उभी राहण्यापुरता. मग जोरात, पण दर ठोक्यानंतर थांबून ऐक. आत तंतू तुटत असले की बारीक करकर येते. ती चालू असेल तोवर हात आवर, तुझं काम लाकूडच करत असतं. पाचर रुतली तर त्याच चिरेत पुढे दुसरी ठोक, पहिली सैल होईल. गाठीच्या तुकड्यांशी मात्र झटत बसू नकोस, बाजूला टाक.

पाचरेचं डोकं ठोकून ठोकून कडेनं उलटतं. ती कड घासायचा मी एकदा आळस केला आणि लोखंडाची कपची उडून भुवईत घुसली. लहानपणी तू बोटानं चाचपायचीस ती खूण तीच. बोटभर खाली लागली असती तर डोळा गेला असता. कड कानशीनं घास, आणि संरक्षक चष्मा लावल्याशिवाय घण उचलायचा नाही. कुऱ्हाडीच्या पाठीवर घण तर कधीच नाही.

फोडलेली लाकडं मनगटाएवढी असू देत. खाली दोन दांडे टाकून जमिनीपासून वीतभर वर, एकेरी ओळीत रच. फक्त माथा झाक, बाजू वाऱ्याला उघड्या ठेव. सगळं प्लास्टिकमध्ये गुंडाळलंस तर आतल्या आत घाम धरेल. अशा लाकडाला एक वर्ष कमीच, दोन धर.

ताज्या लाकडाचं जवळपास निम्मं वजन पाण्याचं असू शकतं. जाळताना ओलावा 20 टक्क्यांच्या खाली हवा. एक किलो पाण्याची नुसती वाफ करायला सुमारे 2.3 मेगाज्यूल उष्णता लागते, ती तुला ऊब न देताच धुराड्यातून निघून जाते. वर थंड धुरातलं डांबर आत चिकटतं आणि पुढे कधीतरी तेच पेट घेतं. ही भीती मला खरोखर आहे.

आज निघालेल्या एका ढलपीचं वजन कर, तिच्यावरच पेन्सिलीनं तारीख आणि आकडा लिही. दर महिन्याला पुन्हा तोल. पावसात आकडा थोडा वाढेल, त्यानं खचू नकोस. कोरड्या हवेतही तो हलेनासा झाला की ती ढलपी फोड आणि आतली बाजू गालाला लाव. गार लागली तर अजून थांब.

पहिला आकडा आजच कळव.

तुझे बाबा