रविवारची बैठक : वेळ की क्रमांक?

सर्व सभासदांना नमस्कार. रविवारी सराव आटोपला की शाहू क्रीडा संकुलातच थांबायचं आहे, लगेच मिसळीला पळायचं नाही. विषय एकच: कॉलेजच्या लांब पल्ल्याच्या शर्यतींसाठी मुलं निवडताना वेळ धरावी की क्रमांक? जे ठरेल ते क्रीडाशिक्षकांना लेखी द्यायचं आहे.

यवतेश्वर घाटातली वेळ आणि सांगलीच्या सपाट रस्त्यावरची वेळ एकाच तक्त्यात मांडली, तर घाटात पळणाऱ्यावर अन्याय होणारच. म्हणून क्रॉसकंट्रीत (माळरान, चढउतारावरच्या शर्यतीत) क्रमांक बरा. पण एकाच विभागात तगडी पोरं जमली की तिथला पाचवा घरी बसतो आणि दुसरीकडचा त्याच्याहून हळू पळणारा पुढे जातो. ट्रॅकवरच्या लांब शर्यतींत पूर्वी यावर उपाय होता: काही जागा क्रमांकावर, उरलेल्या वेळेवर. आपल्या माण तालुक्यातल्या ललिता बाबर 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या (अडथळ्यांच्या शर्यतीच्या) प्राथमिक फेरीतल्या आपल्या शर्यतीत चौथ्या आल्या. थेट प्रवेश पहिल्या तिघींनाच होता. त्यांना अंतिम फेरी मिळाली ती 9 मिनिटे 19.76 सेकंद या वेळेवर. अमेरिकेत सर्वांत वरच्या श्रेणीतल्या कॉलेजांच्या क्रॉसकंट्रीत राष्ट्रीय स्पर्धेसाठी 9 विभागांतले पहिले दोन-दोन संघ थेट घेतात आणि आणखी 13 संघ हंगामातल्या कामगिरीवर निवडतात. माझा कल अशा मिश्र नियमाकडे आहे, पण बाहेरगावच्या स्पर्धांचा प्रवासखर्च न झेपणाऱ्या कॉलेजचं काय, हे मला सुटलेलं नाही.

निवड चाचणी दिलेल्या मुलामुलींना सोबत आणा. बोलणं त्यांचं आधी, आपलं नंतर. ज्यांच्याकडे जुन्या निकालांचे कागद आहेत त्यांनी झेरॉक्स आणावी.

– सचिव