मुलींची नोंदणी बाराव्या वर्षीच करा

संपादक महोदय,
स. न.

परदेशी महिला फुटबॉलपटूंच्या बातम्या आपल्याकडे गोल झाला की छापून येतात. जपानच्या मोमोको तानिकावाचेही तेच झाले. २८ जुलै २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये जपान ब्राझीलविरुद्ध ०-१ असा मागे होता. भरपाई वेळेत जपानच्या कुमागाईने पेनल्टीवर बरोबरी साधली. त्यानंतर, भरपाई वेळेच्या सहाव्या मिनिटाला, बदली खेळाडू म्हणून उतरलेल्या १९ वर्षांच्या तानिकावाने ब्राझीलचा चुकलेला पास पकडला आणि सुमारे तीस मीटरवरून चेंडू न थांबवताच गोलकीपरच्या डोक्यावरून जाळ्यात टाकला. पुण्यात पालक आणि मुली विचारतात ते या फटक्याबद्दल. त्याआधीच्या सहा वर्षांबद्दल आणि त्या वर्षांतल्या क्लबकडच्या नोंदणीबद्दल कोणी विचारत नाही, म्हणून हे पत्र.

तानिकावाचा जन्म २००५चा. प्राथमिक शाळा संपल्यावर ती जेएफए अकादमी फुकुशिमात दाखल झाली. ही अकादमी जपानच्या फुटबॉल संघटनेने २००६ मध्ये सुरू केली. २०११चा भूकंप आणि अणुभट्टीची दुर्घटना यांमुळे ती शिझुओकातल्या गोतेम्बा येथे हलवावी लागली. नावात फुकुशिमा असले तरी तानिकावा घडली ती गोतेम्बात. अभ्यासक्रम सहा वर्षांचा, म्हणजे आपल्याकडची सातवी ते बारावी. मुली वसतिगृहात राहतात, शिकायला मात्र जवळच्या साध्या शाळेत जातात.

हे सहा वर्षांचे गणित मुद्दाम केलेले आहे. जपानमध्ये बारा वर्षांपर्यंत बऱ्याच मुली मुलांच्याच संघात खेळतात. त्या वयाचे सामने आठ-आठ खेळाडूंचे असतात. मैदान ६८ बाय ५० मीटर, गोल ५ मीटर रुंद आणि २.१५ मीटर उंच, चेंडू चार नंबरचा, वीस-वीस मिनिटांचे दोन भाग आणि खेळाडू कितीही वेळा बदलण्याची मुभा. खेळाडू कमी असल्याने प्रत्येकीच्या पायाला चेंडू वारंवार लागतो. अडचण तेराव्या वर्षी सुरू होते. पाच नंबरचा चेंडू आणि मोठे मैदान येते, मुलांची अंगकाठी झपाट्याने वाढते, मुलींचे वेगळे संघ मात्र सगळीकडे नसतात. जपानमध्येही याच वयात मुली गळतात. सहा वर्षांची निवासी अकादमी हा त्यावरचा एक तोडगा आहे, एकमेव नव्हे. जपानच्या संघातल्या इतर दोघी पाहा. माइका हामानो सेरेझो ओसाकाच्या क्लबमधून आली. आओबा फुजिनो बेलेझा क्लबच्या कनिष्ठ संघातून जुमोंजी शाळेच्या संघात गेली, पुन्हा बेलेझात आली आणि २०२४ मध्ये मँचेस्टर सिटीत पोहोचली. तिघींचे रस्ते वेगळे आहेत, पण बारा ते अठरा या वयात एकीचाही खेळ खंडित झाला नाही.

पुण्यात नेमकी हीच वर्षे तुटतात. शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होतात आणि त्या बाद पद्धतीच्या असतात. पहिल्याच सामन्यात शाळा हरली की त्या संघाची वर्षाची स्पर्धा चाळीस-पन्नास मिनिटांत आटोपते. उरलेला खेळ भाड्याच्या टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवताच्या छोट्या मैदानावर. हे टर्फ पाच-पाच खेळाडूंचे, तीस-पस्तीस मीटर लांबीचे. तिथे पाय चपळ होतो, हे मान्य. पण तीस मीटरचा पास किंवा फटका तिथे मारताच येत नाही. चेंडू जाळीला आपटून परत येतो आणि खेळ चालूच राहतो, त्यामुळे चेंडू बाहेर जाऊ न देण्याची सवयही लागत नाही. आठवड्यातून निदान एक सराव पूर्ण मैदानावर हवा. मग दहावी येते आणि क्लासच्या वेळा सरावावर पडतात.

याच वयात गुडघा जातो. उडी मारून उतरताना किंवा धावता धावता अचानक दिशा बदलताना मुलीचा गुडघा आत, दुसऱ्या गुडघ्याकडे झुकतो आणि गुडघ्यातला पुढचा तिरका अस्थिबंध (एसीएल) तुटतो. समोरून मोबाइलवर चित्रण केले तर हे झुकणे स्वच्छ दिसते. फिफाचा ‘११ प्लस’ हा वॉर्म-अप त्यासाठीच आहे. १५ व्यायाम, सुमारे २० मिनिटे. आधी ८ मिनिटे धावणे, मग १० मिनिटे ताकद, उड्या आणि तोल, शेवटी २ मिनिटे वेगात धावणे. आठवड्यातून निदान दोनदा केला तरच उपयोग होतो. आपल्याकडे मधली १० मिनिटेच गाळली जातात, कारण ती कंटाळवाणी असतात आणि टर्फचे भाडे तासाचे असते. मुरमाच्या मैदानावर लांब स्टडचे, म्हणजे तळाला लांब टोके असलेले, बूट घालणे हा आणखी एक घातक प्रकार. स्टड रुतत नाही, पाय घसरतो. तिथे बारीक रबरी स्टडचेच बूट हवेत.

आता नोंदणी. जानेवारी २०२४ मध्ये बायर्न म्युनिकने तानिकावाला घेतले तेव्हा तिला अठरा पूर्ण होऊन आठ महिने झाले होते. काही मोजके अपवाद सोडले तर फिफा अठराच्या आत एका देशातून दुसऱ्या देशात बदली होऊ देत नाही. म्हणजे तोवर मायदेशातच घडायचे आणि त्या घडण्याचा लेखी पुरावा ठेवायचा. खेळाडूच्या बाराव्या वाढदिवसाच्या हंगामापासून ती कोणत्या क्लबकडे नोंदली होती, हे तिच्या पासपोर्टमध्ये येते. हा पासपोर्ट फुटबॉलचा, परराष्ट्र खात्याचा नव्हे. मुलांच्या फुटबॉलमध्ये पहिल्या व्यावसायिक कराराच्या वेळी घडवणाऱ्या क्लबला प्रशिक्षण भरपाई मिळते. महिला फुटबॉलला हा नियम लागू नाही. महिलांना लागू आहे ती एकता निधीची तरतूद. करार चालू असताना परदेशी बदली झाली, तर बदलीच्या रकमेतले ५ टक्के घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. बारा ते पंधरा या प्रत्येक वर्षासाठी पाव टक्का, सोळा ते तेवीस या प्रत्येक वर्षासाठी अर्धा टक्का.

उदाहरण घ्या. बदलीची रक्कम १ कोटी रुपये. मुलगी बारा ते सतरा या सहाही वर्षांत एकाच क्लबकडे नोंदलेली असेल, तर क्लबला १ लाख आणि १ लाख, असे २ लाख मिळतात. तीच मुलगी त्याच क्लबमध्ये सहा वर्षे खेळली, पण नोंदणी सतराव्या वर्षी झाली, तर हाती पडतात ५० हजार. पुण्यातल्या बऱ्याच अकादम्या मुलींची अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या सीआरएस या केंद्रीय नोंदणी प्रणालीत नोंदणी करतात ती लीगचा अर्ज भरायच्या आठवड्यात. ‘पोरगी पुढे खेळेल की नाही कोण जाणे’ हा विचार त्यामागे असतो. घोळही तेव्हाच होतो. जन्मदाखल्यावर मुलीचे नावच नसते, किंवा आधार कार्डावर वडिलांचे नाव मध्ये आणि शाळेच्या बोनाफाइडवर आडनाव आधी. महापालिकेतून दाखल्यावर नाव लावून घ्यायला वेळ जातो आणि हंगाम निघून जातो.

कराराबद्दलही थोडे. बायर्नने तानिकावाला लगेच स्वीडनमधल्या माल्मोच्या रोसेनगार्ड क्लबकडे उसने दिले. यात कमीपणा नाही. जर्मन हंगाम उन्हाळ्यानंतर सुरू होतो, जानेवारीत तो अर्ध्यावर आलेला असतो आणि जागा भरलेल्या असतात. स्वीडिश लीग वसंतात सुरू होऊन शरदात संपते, १४ संघ आणि २६ सामने. अकादमीतून थेट आलेल्या मुलीला कोरा हंगाम मिळाला. रोसेनगार्ड २०२४ची विजेती ठरली आणि तानिकावा म्युनिकला परतली ती पूर्ण हंगाम खेळून. आपल्याकडे मोठ्या क्लबच्या बाकावर बसणे मानाचे समजले जाते. अठरा-एकोणिसाव्या वर्षी ते नुकसानच आहे.

पैशाचे चित्र असे. जपानची व्यावसायिक डब्ल्यूई लीग २०२१ मध्ये सुरू झाली तेव्हा प्रत्येक क्लबला किमान १५ व्यावसायिक करार बंधनकारक होते आणि किमान वार्षिक वेतन २७ लाख येन, म्हणजे तेव्हाच्या दराने साधारण अठरा लाख रुपये. आपल्या महासंघाने २०२३ मध्ये इंडियन विमेन्स लीगच्या क्लबांसाठी किमान दहा भारतीय खेळाडूंना वर्षाला ३ लाख २० हजार असे ठरवले. फरक मोठा आहे, पण काहीतरी लेखी आहे. ‘परदेशी ट्रायल’साठी लाखभर रुपये मागणारे लोक याच फरकावर जगतात. एजंटकडे फिफाचा परवाना लागतो आणि तो फिफाच्या संकेतस्थळावर नावानिशी तपासता येतो. अल्पवयीन खेळाडूकडे एजंटने जायचे तर तिच्या पालकांची लेखी संमती लागते. पालकांना वगळून मुलीच्या मोबाइलवर येणाऱ्या संदेशांना उत्तरच देऊ नये.

ऑक्टोबर २०२२ मध्ये १७ वर्षांखालील मुलींचा विश्वचषक भारतात झाला. तानिकावा तेव्हा मडगावच्या फातोर्डा मैदानावर खेळत होती, पुण्याहून एका रात्रीच्या बसच्या अंतरावर. त्याच वयाचा आपला संघ भुवनेश्वरला अमेरिकेकडून ०-८, मोरोक्कोकडून ०-३ आणि ब्राझीलकडून ०-५ असा हरला. वर्षभराने ताश्कंदला जपानच्या वरिष्ठ संघाने आपल्या वरिष्ठ संघावर सात गोल केले.

शहरातल्या क्लबांना आणि शाळांना आमची विनंती अशी : मुलगी बारा वर्षांची होताच जन्मदाखला, आधार आणि बोनाफाइड यांवरचे नाव एकसारखे करून घ्यावे, सीआरएसमध्ये नोंदणी करावी आणि नोंदीची छापील प्रत पालकांना द्यावी. जिल्हा संघटनेने १३ आणि १५ वर्षांखालील मुलींसाठी बाद फेरीऐवजी साखळी सामने घ्यावेत. चार शाळा मिळाल्या तरी प्रत्येकीला तीन सामने मिळतात. आणि आपल्या दैनिकाने त्या सामन्यांचे निकाल खेळाडूंच्या नावांसह छापावेत, मुलांचे छापता त्याच पानावर.

आपले,
मुलींच्या फुटबॉलचे काही प्रशिक्षक व पंच, पुणे