पाटी लावायला जागा नसलेल्या कामासाठी देणगी हवी आहे

सप्रेम नमस्कार,

पुण्याच्या पेठेतल्या आपल्या शाळेला देणग्या मिळत नाहीत असं कुणी म्हणू नये. वॉटर कूलर आले, प्रोजेक्टर आले, वाचनालयाला कपाटं आली आणि प्रत्येक वस्तूवर 'कै. अमुकअमुक यांच्या स्मरणार्थ' अशी अक्षरंही आली. त्याबद्दल मंडळ ऋणी आहेच. या वेळी मात्र ज्या कामासाठी हात पसरतो आहोत, त्यावर पाटी लावायला जागाच नाही. गच्चीचा कोबा, बंद पडलेले झरोके, खिडक्यांच्या जाळ्या आणि मुलींच्या स्वच्छतागृहातले नळ. यातलं बरंचसं काम झाल्यावर डोळ्यांना दिसणारसुद्धा नाही.

शिक्षण हक्क कायद्याने (२००९) पाचवीपर्यंत वर्षाला किमान ८०० तास आणि सहावी ते आठवीला १००० तास अध्यापन ठरवून दिलं आहे. म्हणजे तेवढे तास मूल एकाच खोलीतली हवा घेतं. वजनाच्या मानाने लहान मूल मोठ्या माणसापेक्षा जास्त हवा आत ओढतं आणि त्याची फुप्फुसं अजून वाढत असतात. याच कायद्याने शाळेला सर्व हवामानात टिकणारी इमारत असावी असंही म्हटलं आहे. आपली इमारत टिकते आहे. आत बसणाऱ्यांचं काय, एवढाच प्रश्न आहे.

नव्या इमारतीपासून सुरुवात करतो. नवी म्हणायची सवय आहे म्हणून नवी. ती बांधली तेव्हा आजचे बरेच पालक हाफ चड्डीत होते. तिच्या गच्चीचा कोबा तडकला आहे. जुलैत वरच्या मजल्याच्या भिंतींत ओल उतरते ती दिवाळीपर्यंत हटत नाही. चौथीच्या वर्गात मागच्या भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा आहे. त्यातल्या कोकणपट्टीवर बुरशीचे काळे ठिपके आले आहेत आणि खालची पट्टी फुगून वर वळली आहे. बाईंनी शेवटचा बाक भिंतीपासून हातभर पुढे ओढून घेतला आहे, कारण टेकून बसलं की शर्टाच्या पाठीला पोपडे चिकटतात. पावसाळ्यात त्या वर्गात शिरताच कुबट वास येतो. मुलांना मात्र तो येईनासा झाला आहे.

ओल आणि बुरशी असलेल्या जागेत खोकला, श्वासातली घरघर आणि दमा वाढतो, हे जागतिक आरोग्य संघटनेने २००९च्या मार्गदर्शक सूचनांत सांगितलं आहे. 'इतकी बुरशी चालेल' असा आकडा त्यांनी दिलेला नाही. ओलच होऊ देऊ नका, असं म्हटलं आहे. आपण इतकी वर्षं नेमकं उलटं करत आलो. डिसेंबरात भिंत रंगवायची आणि पुढच्या ऑगस्टात पोपडे झाडायचे. म्हणून या खेपेला आधी गच्ची, मग भिंत, मग रंग, असाच क्रम राहील. सगळ्यात मोठा खर्चही गच्चीचाच आहे. जुना कोबा उकरून, विटांच्या तुकड्यांनी उतार धरून नवा कोबा करायचा, पावसाळी पाण्याच्या पाइपांची तोंडं मोठी करायची आणि शेवटी गच्चीवर पाणी साठवून गळती तपासायची. मे महिन्यात कोब्यावर पाणी मारायला टँकर लागणार, तोही खर्च अंदाजात धरला आहे.

जुन्या दगडी इमारतीची गोष्ट वेगळी. तिथे छत उंच आहे, भिंती जाड आहेत आणि बांधणाऱ्याने छताखाली समोरासमोर झरोके ठेवले होते. गरम हवा वर चढून त्यातून निघून जायची. मध्यंतरी पारव्यांचा त्रास वाढला तेव्हा झरोक्यांवर प्लायवूड ठोकण्यात आलं. पारव्यांची विष्ठा आणि पिसं वर्गात नकोतच. त्यांच्या धुळीने काहींच्या फुप्फुसांना कायमची इजा होते. पण पारवा अडवायला जाळी पुरते. प्लायवूडने पारव्याबरोबर हवाही अडवली.

खालच्या खिडक्या रस्त्याच्या बाजूला आहेत. उघडल्या की पीएमपीच्या बसचे हॉर्न, रिक्षांची घरघर आणि धूर. वर्गातला पार्श्वभूमीचा आवाज ३५ डेसिबलच्या वर नसावा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. लक्ष्मी रस्त्याच्या टापूत राहणाऱ्यांनी या वाक्यावर खुशाल हसावं. म्हणून शिक्षक खिडक्या लावून घेतात आणि त्यांना दोष देता येत नाही. मग काय होतं? बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड साधारण ४२० पीपीएम (म्हणजे दहा लाख भागांत ४२० भाग) असतो. दारं-खिडक्या बंद करून चाळीस-पंचेचाळीस मुलं बसवली की एक तासिका संपेपर्यंत तो सहज दीड-दोन हजारांवर जातो. डोकं जड होतं, जांभया येतात आणि 'लक्ष देत नाही' म्हणून पोराच्या नावाने शेरा पडतो. एकाच्या खोकल्यातून उडालेले कणही त्याच कोंडलेल्या हवेत तरंगत राहतात. शहराच्या हवेचं पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने विकसित केलेली 'सफर' यंत्रणा सांगते. वर्गाच्या आतलं आपणच बघायला हवं.

यावर उपाय साधा आहे. रस्त्याकडच्या खिडक्या तासिकेपुरत्या बंद ठेवायच्या, अंगणाच्या बाजूच्या उघडायच्या, वरचे झरोके जाळी बसवून मोकळे करायचे आणि गरज असेल तिथे एक्झॉस्ट पंखा लावायचा. अंगणाकडच्या खिडक्यांची तावदानं गंजून बसली आहेत, ती बदलावी लागतील. एसीची सूचना दोन-तीन पालकांकडून आली. साधा स्प्लिट एसी तीच हवा थंड करून फिरवतो, बाहेरची आत घेत नाही, म्हणून ती बाजूला ठेवली आहे.

गच्चीवरच्या पत्र्याच्या दोन वर्गांना वरून पांढरा परावर्तक लेप द्यायचा आहे. दुपारच्या अधिवेशनातली मुलं एप्रिलमध्ये तिथे अक्षरशः भाजून निघतात. २०१३ मध्ये उष्णतेसाठी कृती आराखडा करणाऱ्या अहमदाबादने पुढे असे पांढरे छप्पर मोठ्या प्रमाणावर केले. खर्च थोडा, काम चार दिवसांचं.

स्वच्छतागृहाबद्दल फार लिहीत नाही; मुलींच्या आयांना माहीत आहे. नळाला पाणी नाही, कडी नीट लागत नाही, म्हणून मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत. बाटली भरलेली घरी परत जाते. लघवी दाबून ठेवल्याने होणारा जंतुसंसर्ग नंतर दवाखान्यात निस्तरावा लागतो.

एक नम्र नकारही कळवायचा आहे. काही उत्साही माजी विद्यार्थी दारं-खिडक्यांचा रंग स्वतः घासून द्यायला तयार आहेत. कृपया नको. रंगात शिशाचं प्रमाण ९० पीपीएमपेक्षा जास्त नसावं हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. आपल्या चौकटींवरचे ऑइलपेंटचे थर त्याच्या कितीतरी आधीचे आहेत. कोरडा रंग घासला की शिसं धुळीत उतरतं, आणि मुलांच्या पोटात गेलेलं शिसं मोठ्यांच्या चौपट-पाचपट शोषलं जातं. हे काम ओलं करून, सुट्टीत, माहितगार रंगाऱ्याकडूनच करून घेणार आहोत.

आता हिशोब. गच्ची ४,५०,००० रुपये, खिडक्या, झरोके आणि पंखे १,८०,०००, स्वच्छतागृह १,५०,०००, भिंती, रंग आणि पत्र्यांचा लेप ६०,०००. एकूण ८,४०,०००. मंडळाकडे दीड लाख शिल्लक आहे, उरलेल्या ६,९०,००० रुपयांसाठी हे आवाहन. सरकारकडे का मागत नाही, असं कुणी विचारेल. अनुदानित शाळेला वेतनेतर अनुदान किती आणि कधी मिळतं, हे शाळेच्या कोणत्याही लिपिकाला विचारून बघा.

काम १५ जूनच्या आत संपायला हवं, त्यामुळे देणगी एप्रिलअखेर आली तर उपयोगाची. धनादेश शाळेच्या संस्थेच्या नावे द्यावा. रोख रक्कम शक्यतो नको. प्रत्येक देणगीची पावती मिळेल आणि खर्चाची बिलं सूचना फलकावर लागतील. ठेकेदाराचा शेवटचा हप्ता पहिला मोठा पाऊस पडून गच्ची आतून कोरडी राहिल्यावरच द्यायचा, असं त्याच्याशी ठरलं आहे. पैसे देणं जमत नसेल आणि आपण प्लंबर, फॅब्रिकेटर किंवा स्थापत्य अभियंता असाल, तर रविवारी सकाळी १० ते १२ या वेळात शाळेच्या कार्यालयात या. गच्चीची किल्ली शिपाईमामांकडे ठेवलेली असते.

आपले,
माजी विद्यार्थी व पालक मंडळ